वय साठ, पुस्तक पहिलं

चोपडा, ९ डिसेंबर

चंदन,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी काम.

चित्रं काढायला शिकवणारं एक पुस्तक पाठव. धुळ्यात कॉलेजं आहेत, मोठी दुकानं आहेत, तिथे मिळेल. इथे चोपड्यात विचारलं तर वह्या दाखवतात. गिरणीवाल्या पुष्पाबाईची नात भूमिका सात वर्षांची झाली, तिच्यासाठी पाहिजे. रेघ कशी ओढायची, वळण कसं घ्यायचं, इथपासून पाहिजे. एकदम माणसाचं तोंड नको. रेघा जाड असाव्यात, लांबून दिसल्या पाहिजेत. पान एका हाताने उलटता आलं पाहिजे. आणि उघडं ठेवलं तर उघडं राहिलं पाहिजे, आपोआप मिटणारं नको.

एवढं सगळं सात वर्षांच्या पोरीला कशाला लागतं असं विचारू नको. लागतं.

पत्र का लिहिते आणि फोन का करत नाही, ते तुला ठाऊक आहे. बाजारपेठेत तू शिडीवर उभा राहून तुझ्या बापाने लिहिलेली पाटी उतरवत होतास आणि तिथे तू छापलेला फ्लेक्स चढवत होतास. ते खाली सायकल धरून उभे होते आणि सगळी पेठ दोघांकडे बघत होती. घरी आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यातला कानबाईचा नारळ पुढे ठेवला आणि माझा हात त्याच्यावर. चंदनशी तोंडाने एक शब्द बोलणार नाही असं वदवून घेतलं. मी तसं म्हटलं. काय करणार होते? तेव्हापासून पाळते आहे.

पण मागच्या आठवड्यात मी नीट आठवून पाहिलं. बोलणार नाही असं म्हटलं होतं. लिहिण्याचं कोणी काढलंच नव्हतं. चौथीपर्यंत शिकले ते कुठेतरी कामाला यायला पाहिजे.

हे पत्र सुकलाल कंडक्टरच्या हाती देते, तो धुळ्याच्या गाडीवर असतो. पुस्तकही त्याच्याच हाती दे. घरी येऊ नको. फोन वाजवू नको, मी उचलणार नाही आणि तो वाजला की घरात कोणाला भाकरी गोड लागत नाही.

सूनबाई नूतनला विचारलं म्हणून सांग.

आई


चोपडा, २८ डिसेंबर

चंदन,

पुस्तक मिळालं. पहिल्या पानावर बदक. दुसऱ्या पानावर आंबा. तिसऱ्यावर पुन्हा बदक, ह्या वेळी पाण्यात. वर छापलंय, वय ५ ते ८. तू बरोबर पाठवलंस. मीच वय दुसऱ्याचं सांगितलं.

भूमिकेसाठी नव्हतं ते. तुझ्या आबांसाठी होतं.

दिवाळी झाली आणि त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. पाय ओढत का होईना चालतात, तोंड बरंच सरळ झालंय, बोललेलं कळतं. पण उजवा हात गेला तो गेला. मांडीवर ठेवला तर मांडीवर राहतो, खाली पडला तर मलाच उचलून ठेवावा लागतो. तुला कळवलं नाही, कारण ‘मेलो तरी कळवू नको’ असं त्यांचं म्हणणं होतं. मेले नाहीत, म्हणून कळवते.

जळगावचा डॉक्टर म्हणाला, हा हात विसरा, डावा कामाला लावा. नुसते पडून राहिले तर माणूस हाती लागणार नाही. मी म्हटलं, हे पेंटर आहेत. तर म्हणाला, मग चांगलंच आहे, लहान मुलासारखी सुरुवात करू द्या. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं धरलं. लहान मुलासारखी म्हणाला, म्हणून लहान मुलाचं पुस्तक मागवलं.

मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

‘हाई काय लई उनी वं?’

‘पुस्तक.’

‘कोनं?’

‘तुमचं.’

डाव्या हाताने पान उलटलं. आंबा बघितला. ज्या माणसाने जन्मभर केळीच्या ट्रकांवर वाघ काढले आणि लग्नाच्या घरांवर हत्ती काढले, त्याला खाली लिहून सांगितलं होतं की आंब्यात पिवळा रंग भरा, रेघेच्या बाहेर जाऊ नका.

‘साठ वरीसना माणूस बदक काढी का?’ असं म्हणाले आणि पुस्तक भिरकावलं. डाव्या हाताने भिरकावलं, तरी ओट्याच्या पलीकडे गेलं. मी मनात म्हटलं, हात तर चालतो.

पुष्पाबाई तेवढ्यात दळणाचा डबा घेऊन आली. तिने पुस्तक उचललं, झटकलं. ‘पेंटरभाऊ, बदकनी काय बिघाडं तुमनं?’ ते भिंतीकडे तोंड करून बसले. पुस्तक भूमिका घेऊन गेली. तिचं तिला पोचलं.

आता खरं लिहिते. परवा त्यांनी मला टर्पेंटाईनचा डबा मागितला. ब्रश धुवायचेत म्हणाले. ब्रश कधीचे कोरडे पडलेत, आणि त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. मी डबा उचलला आणि त्यांच्या हाती लागू नये म्हणून पुष्पाबाईच्या गिरणीत नेऊन ठेवला. जेवण दोन घासांवर आलंय. तिसरा घास पुढे केला की तोंड मिटतात.

तेव्हा घाई कर. मोठ्या माणसाचं पुस्तक पाठव. तू येऊ नको. तुला बघून ते उठायला जातील आणि पडतील.

आई


चोपडा, १९ जानेवारी

चंदन,

तू दोन पाठवलीस, एक मी आणलं, तिन्ही वाया गेली. कोणतं कसं वाया गेलं ते लिहिते, म्हणजे पुढचं तरी नीट निवडशील.

ते ग्रेड परीक्षेचं, आठवी-नववीच्या मुलांचं. त्यात तांब्या, वांगं, पुस्तकांची चळत, लांब जाणारा रस्ता आणि विजेचे खांब. हे त्यांनी बघितलं. ‘रस्तानं काम चांगलं शे’ असंही म्हणाले. पण दर पानावर पट्टी लावा, रेघ मारा. पट्टी कोणी धरायची? लिहिणाऱ्याने धरूनच चाललंय की शिकणाऱ्याला दोन हात असतात. शेवटी पट्टी मी धरली. मग सुरू झालं, सरक, हालू नको, तुले रेघ कळस का. मी पट्टी आपटली. दिवसभर अबोला.

दुसरं ते मोठ्या माणसांचं, रंग भरायचं. मन शांत होतं असं वर लिहिलंय. फुलं, वेली, मोर, सगळं आधीच काढून ठेवलेलं. ते म्हणाले, ‘बठ्ठं काढेल शे, मंग मी काय करू? दुसराना भिताडले चुना लावू?’ ह्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

तिसरं माझं. त्यांना डॉक्टरला दाखवायला जळगावला नेलं होतं, तिथे दवाखान्याजवळ पुस्तकांचं दुकान दिसलं. त्यांना बाकावर बसवून मी आत गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘मावशी, वय काय मुलाचं?’

‘साठ.’

‘मुलाचं हो.’

‘मुलाचंच सांगते. साठ.’

तो हसला. मी नाही हसले, तेव्हा थांबला. मी म्हटलं, ह्या पुस्तकांवर पाच ते आठ लिहिलंय, नऊ ते बारा लिहिलंय, पुढे साठ कुठे आहे? म्हणाला, ‘बारानंतर सगळे एकच, मावशी.’

आता बघ, आपण पोरांना कपडे घेतो ते वाढत्या अंगाचे. एक माप मोठं घ्यायचं, अंग भरत जातं. मला वाटलं पुस्तकही तसंच घ्यावं. त्यातलं सगळ्यात जाड उचललं. घरी येऊन उघडलं, तर पानोपानी उघडी माणसं, उघड्या बाया. पुढे कातडी काढलेली, त्याच्या पुढे नुसती हाडं. पुष्पाबाईने पानं चाळली आणि म्हणाली, ‘हाई चित्रंनं शे का दवाखानानं? माले दोन दिन वाचाले दे.’ विधवा बाई, साठीला आली, पण जीभ कशी आहे ते तुला माहीत आहे. तिच्या बोलण्यावर आबा जरा हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा.

मग ते स्वतःच एकेक पान उलटत गेले. एका पानावर हात होता. हाताची हाडं, त्याच्यावरचे स्नायू, बोटं कशी वळतात ते. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि त्या पानावर ठेवला. बरोबर त्याच्यावर, बोटावर बोट. आणि बघत बसले.

मी पुस्तक काढून घेतलं. कपडा मोठा झाला तर टाके घालून बसवता येतो. पुस्तकाला टाके कुठे घालू?

तेव्हा आता असं शोध. वय साठ. काम सगळं येतं, हात मात्र नवा. एक हात. अशा माणसासाठी कोणी पुस्तक छापलंय का बघ. नसलं तर नाही म्हणून कळव, मी वाट बघत बसणार नाही. घास दोनावरून पुढे गेलेला नाही.

आई


चोपडा, ११ फेब्रुवारी

चंदन,

सुकलाल म्हणाला, ‘वहिनी, जपून धरा, जड आहे. चंदनभाऊंनी दुकानात बसून स्वतः केलंय.’

मोठी पानं, फाटत नाहीत. उघडं राहतं. एका हाताने उलटतं. पहिल्या पानावर नुसता श्री, पुढे दर पानावर आबांच्या एकेका जुन्या पाटीचा फोटो, अक्षरं फिकी राखाडी, वरून गिरवता येतील अशी. मी म्हटलं, पोराचं डोकं चाललं. छापलेलं नाही मिळालं तर छापून घेतलं.

मी ते नुसतं त्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. अनेर सायकल मार्ट. भवानी टेलर. सातपुडा केळी ग्रुप. एकेक वाचत होते आणि सांगत होते, हा माणूस वारला, ह्याने रंग बदलायला लावला होता, ह्याचा निळा मी बुऱ्हाणपूरहून आणला होता. वारं गेल्यापासून एवढं बोलले नव्हते. मी चहा ठेवला.

चहा घेऊन आले तर बोट पानाच्या कोपऱ्यावर ठेवलेलं. तिथे तुझा हात आलाय फोटोत. हातात स्क्रू खोलायचा पेचकस.

‘हाई फोटो त्यानी कव्हय काढात?’

मी चहा खाली ठेवला.

‘उतारताना काढात,’ असं त्यांनीच उत्तर दिलं. मग म्हणाले, ‘पाट्या कोठे शेतस, इचार त्याले.’

तेव्हा मी कुणाला लिहिते हे त्यांना ठाऊक आहे. सुरुवातीपासून ठाऊक असेल. बोलले नाहीत, मीही नाही. तर विचारते. पाट्या कुठे आहेत? खरं लिही. गोड लिहू नको.

दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी मनात तुला पुष्कळ शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. पुस्तक चुलीत घालायला उचललंही होतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली, ‘ब्रश दे.’ आवाजात राग होता. ‘खालतीन फोटो काढा त्यानी. वरनं अक्षर बसकं व्हई गयं. भवानीनी मान मुरगाळी टाकी.’ आणि तुझ्या फिक्या अक्षराच्या बाहेर जाऊन, डाव्या हाताने, थरथरत, त्यांनी ‘भ’ची मान सरळ केली. मग ‘वा’ची. मग म्हणाले, कागद धर. मी धरला. ह्या वेळी सरक म्हणाले नाहीत.

तुझी सगळी बरोबर पुस्तकं पडून राहिली आणि हे चुकीचं आलं तेव्हा माणूस उठून बसला. ह्याचं काय ते तू समज. रोज दोन पानं दुरुस्त करतात, दर पानाला तुला एक शिवी. काल भाकरी मागून घेतली. वर ठेचा.

आई


चोपडा, ८ मार्च

चंदन,

तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. पाट्या भंगारात गेल्या. ते म्हणाले, ‘बठ्ठ्या?’ मी म्हटलं, हो, सगळ्या. मग म्हणाले, ‘खोटं बोलना नही,’ आणि ब्रश मागितला. तुला ह्यात काय घ्यायचं ते घे.

आता नवी अडचण. तुझं पुस्तक संपत आलं. पहिलं पान तेवढं त्यांनी एकदाही गिरवलं नाही, ते तू नुसतं श्रीचं ठेवलंय. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे ठेवलंस, पाटीवर आधी श्री मग बाकी. पण ते पान आलं की पुढे जातात. मी विचारलं तर डावा हात वर करून दाखवला.

‘हाऊ धुवाना हात शे. यानी श्री लिखू?’

मी म्हटलं, देवाने एक हात काढून घेतला तेव्हा त्याने हा विचार करायला पाहिजे होता. तर माझ्यावर डोळे वटारले.

पुष्पाबाई गिरणीसाठी पाटी मागते. तिच्या गिरणीला कधी पाटी नव्हती, सगळ्यांना ठाऊकच आहे कुठे आहे ती. पण ती आली आणि दारातूनच म्हणाली, ‘पेंटरभाऊ, आपली पाटी कव्हय? वाकडी राहिनी तरी चाली. पीठ सरळच निंघस मनं.’ त्यांना ते आवडलं. पत्रा आणवला, पांढऱ्या रंगाचा हात मारवून घेतला माझ्याकडून. आणि अडले. श्री नको, नुसतं नाव लिहा, असं पुष्पाबाई म्हणाली. ‘बिगर श्रीनी पाटी आज लगून लिखी नही,’ म्हणाले. चार दिवस पत्रा भिंतीला टेकून उभा.

मग मी भूमिकेकडे गेले. ते बदकाचं पुस्तक तिच्याकडेच होतं. तिला म्हटलं, मला शिकव. ती पोरगी मास्तरीण झाली लगेच. ‘आजी, जीभ आत घे. आजी, पेन्सिल म्हणजे लाटणं नाही.’ पुष्पाबाई गिरणीचा पट्टा चालू ठेवून हसत होती, सगळ्या अंगावर पीठ. पंचावन्न वर्षांची बाई मी, दुपारभर बदकं काढली. पहिली पाच ओळखू येत नव्हती. पण बदकाची मान जमायला लागली की श्रीचा वरचा वळसा जमतो, एवढं मला त्यातून मिळालं. म्हणजे वय पाच ते आठ लिहिलंय त्याच्यावर फार जाऊ नये.

काल पत्रा आडवा ठेवला आणि त्यांना न विचारता उजव्या हाताने श्री लिहिला. लाल रंगात. ते बघत होते.

‘डोकं मोठं व्हई गयं.’

‘देवाचं आहे. असू दे मोठं.’

त्यांनी पत्रा आपल्याकडे ओढून घेतला. डाव्या हाताने ‘पु’ लिहिलं. एका अक्षराला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. रंग जास्त झाला, खाली ओघळ आला. पुसू का म्हटलं, तर नको म्हणाले.

टर्पेंटाईनचा डबा गिरणीतून परत आणला आहे. ब्रश धुवायला लागतो.

तू आता येऊन बघ असं मी लिहिणार होते. त्यांना विचारलं. ‘पाटी व्हवू दे,’ म्हणाले. तेव्हा पाटी झाल्यावर ये.

आई


चोपडा, ३१ मार्च

चंदन,

दहावं करून तुम्ही गेलात. नूतन माझ्या गळ्यात पडून सांगत होती की आई, आता तरी बोला त्यांच्याशी. सगळ्या भावकीने बघितलं की मी मुलाशी बोलले नाही. बघू दे. ज्याने नारळावर हात ठेवायला लावला त्यानेच तो उचलायला सांगायचा असतो. ते आता होणार नाही.

म्हणून तोंडाने सांगायचं ते लिहिते. तू सुकलालला विचारत होतास शेवट कसा झाला. मला विचारायचंस, मी लिहून दिलं असतं.

सकाळी पेज प्यायले. पाटीवर बसले. मी पत्रा धरून समोर होते. ‘पुष्पाबाईची’ झालं होतं. त्या दिवशी ‘गि’ आणि ‘र’ लिहिलं. र चांगला आला, थरथर नव्हती. ते म्हणाले, ‘दख, हाऊ उजवा हातना शे.’ मग ब्रश बुडवला आणि खाली पडला. मला वाटलं, मी पत्रा हलवला म्हणून टाकला रागाने. मी म्हटलं, टाकता कशाला, उचलून कोण देणार? वर बघितलं तर तोंड पुन्हा वाकडं होतं. गाडी येईपर्यंत संपलं. माझे शेवटचे शब्द हे असे, उचलून कोण देणार.

पत्रा ओला होता म्हणून मी आधी तो बाजूला ठेवला आणि मग त्यांना धरलं. कोणाला सांगू नको.

तू अग्नी दिलास, केस दिलेस, सगळं रीतीने केलंस, ह्यात बोट ठेवायला जागा नाही. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्सही लावलास. मधे त्यांचा फोटो, भोवती तुझ्या मित्रांचे तोंडवळे, ज्यांना त्यांनी कधी बघितलं नाही. मी उतरवायला सांगितलं नाही. ऊन उतरवेल.

पण दहाव्याच्या दिवशी तू पाटीसमोर उभा राहिलास. मी ब्रश भिजवून पत्र्यावर ठेवला, तुझ्या समोर. एकच अक्षर उरलं होतं. तुला कळलं मी काय म्हणते ते, बोलायची गरज नव्हती. तू म्हणालास, ‘माझा हात गेला आई. मी आता नुसती बटणं दाबतो.’ आणि खिशातून फोन काढलास आणि त्या पाटीचा फोटो घेतलास.

एक हात गेलेला माणूस मी नुकताच जाळून आले, चंदन. तुझे दोन्ही जागेवर होते.

आई


चोपडा, २० एप्रिल

चंदन,

काल सुकलालने गुंडाळी दिली. पुष्पाबाईच्या नावाने होती, म्हणून तिच्याच अंगणात उलगडली. ‘श्री. पुष्पाबाईची गिरणी.’ अख्खी पाटी, फ्लेक्सवर.

मी तुला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं. पुष्पाबाई म्हणाली, ‘थांब वं, दख तर आधी.’

बघितलं. माझा श्री मोठ्या डोक्याचा तसाच ठेवलास. आबांची अक्षरं तशीच, जिथे हात थरथरला तिथे थरथरलेली. ‘पु’खालचा ओघळसुद्धा पुसला नाहीस. फोटो ह्या वेळी समोरून काढलास, मान मुरगाळली नाही कुणाची. आणि शेवटी ‘णी’.

पुष्पाबाईला सगळं सारखंच दिसलं. मी चष्मा लावला आणि खाली बसले. आबा वेलांटी आखूड घ्यायचे. ही लांब आहे, आणि शेवटी जरा थांबून मग उचललेली. रंगात ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात. ही मशीनमधली नाही. ही तू कुठेतरी बसून ब्रशने लिहिलीस, मग फोटो काढून त्यांच्या ‘र’च्या शेजारी चिकटवलीस. किती वेळा लिहून टाकून दिलीस ते तुलाच ठाऊक. एका वेळेत अशी येत नाही, एवढं मला आता कळतं.

म्हणजे हात आहे. मग दहाव्याच्या दिवशी मला खोटं का सांगितलंस? लोकांसमोर चुकेल म्हणून? आबांनी दीड महिना माझ्यासमोर आणि पुष्पाबाईसमोर चुकून दाखवलं.

पुष्पाबाई म्हणते फ्लेक्स लावू, चांगला आहे, पावसात टिकेल. मी लावू दिला नाही. तिने कुरडया वाळत घालायला मागितला, तोही दिला नाही. गुंडाळून घरात उभा केलाय. ती माझ्यावर रुसली आहे, तिची गिरणी आणि पाटी माझ्या ताब्यात. रुसू दे.

पत्रा ‘गिर’वर थांबला आहे, गिरणीच्या दाराशी टेकून ठेवलाय. लोक दळायला येतात, वाचतात आणि विचारतात की पुढचं कधी. परवा एकाने विचारलं, मी लिहून देऊ का? मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दळण ठेवून गेला.

भूमिकेचं पुस्तक भरलं. नऊ ते बाराचं चालेल तिला आता, जरा पुढचं असलं तरी चालेल, पोरगी चलाख आहे. ते सुकलालच्या हाती देऊ नको, तूच घेऊन ये.

मी बोलणार नाही, ते तुला चालवून घ्यावं लागेल. पत्रा धरीन. गिरणी सोमवारी बंद असते. उन्हाच्या आधी पोच, दुपारी पत्रा तापतो आणि रंग धरत नाही.

आई